ताणलेली जाळी, कललेली डाईक आणि १२ टक्क्यांचा फसवा आकडा

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. साक्री तालुक्यात ओढ्याला आडवी गेलेली एक डाईक (जमिनीतल्या भेगेत शिलारस थिजून झालेली खडकाची भिंत), आणि तिच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी कसं सरकतं याचा उभा छेद. छेदाची लांबी २००० मीटर, खोली ६० मीटर. डाईक ६ मीटर जाड, आडव्याशी ७५ अंशांत कललेली, माथा जमिनीखाली ८ मीटरवर. वर मुरूम, मध्ये झिजलेला मांजऱ्या खडक, खाली काळा पाषाण. दोन टोकांच्या हेडमध्ये (पाण्याच्या पातळीच्या उंचीत) २० मीटरचा फरक ठेवलाय, वरची-खालची हद्द बंद, प्रवाह स्थिर. छेद फायनाइट एलिमेंट पद्धतीने सोडवलाय, म्हणजे त्याची लहान त्रिकोणी तुकड्यांची (एलिमेंट) जाळी करून. प्रत्येक तुकड्यात हेड सरळ रेषेत बदलतं असं धरलंय (रेषीय एलिमेंट), आणि थर पातळ म्हणून ती २० मीटर लांब, पाव मीटर उंच ठेवलीत. डाईकच्या आत तेवढी ३ मीटर लांबीची. झिएन्कीविच–झू पद्धतीचा अंदाजक (काढलेलं उत्तर खऱ्यापासून किती दूर आहे याचा अंदाज देणारं सूत्र) १२% त्रुटी दाखवतो. प्रत्येक त्रिकोणाचे चार केले तेव्हा पाझर ०.५७ वरून ०.४९ वर आला (घनमीटर, दर दिवशी, दर मीटर रुंदीला), म्हणजे १४% फरक. मग १२ आणि १४ जवळजवळ जुळले म्हणून अंदाजकावर विश्वास ठेवायचा का? आणि आस्पेक्ट रेशो (लांबी भागिले उंची) ८० आहे म्हणून जाळी टाकून द्यायची का?

दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे. आधी टक्केवारीचा घोळ सोडवू, कारण तो जाळीच्याही आधीचा आहे.

अंदाजकाचे १२% हे ऊर्जेच्या नॉर्ममधले आहेत, म्हणजे हेडच्या उताराच्या वर्गाला पारगम्यतेने (खडक पाणी किती सहज जाऊ देतो त्या मापाने) गुणून, बेरीज करून त्याचं वर्गमूळ. तुमचे १४% पाझरातले आहेत. तुमच्यासारख्या छेदात, म्हणजे दोन टोकांना ठरलेलं हेड, बाकी हद्द बंद, मध्ये विहीर नाही की पुनर्भरण नाही, तिथे पाझर गुणिले हेडफरक म्हणजेच ऊर्जा. म्हणून पाझरातली सापेक्ष त्रुटी ही ऊर्जा-नॉर्ममधल्या सापेक्ष त्रुटीचा वर्ग असते. १२% चा वर्ग १.४%. अंदाजक खरा असता तर जाळी कितीही बारीक करून पाझर जेमतेम दीड टक्का हलला असता. तो पहिल्याच पायरीला १४% हलला. तेव्हा १२ आणि १४ जुळलेले नाहीत, त्यांच्यात दहापटीचं अंतर आहे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट फुकट मिळते. अशा छेदात रेषीय एलिमेंटचा पाझर नेहमी खऱ्यापेक्षा जास्तच येतो, आणि आधीच्या जाळीचेच तुकडे करत गेलं तर तो प्रत्येक पायरीला कमीच होत जातो. तुमचा ०.५७ वरून ०.४९ वर उतरला, हे ठीक. तो वर चढला असता तर जाळी बाजूला ठेवून आधी हद्दीच्या अटी आणि पाझर मोजायची रीत तपासायला सांगितलं असतं. पाझर टोकाच्या नोडवरच्या (एलिमेंटच्या कोपऱ्यांवरच्या) प्रतिक्रियांची, म्हणजे ठरलेलं हेड टिकवायला तिथे लागणाऱ्या प्रवाहांची, बेरीज करून काढा. हद्दीलगतच्या एलिमेंटमधला उतार घेऊन प्रवाह काढला तर वरचा नियम लागू पडत नाही, आणि ताणलेल्या एलिमेंटवर तो आकडा हमखास वाईट येतो.

आता ताणाकडे येऊ. पातळ एलिमेंट म्हणजे वाईट एलिमेंट, ही समजूत जुन्या नियमातून आली आहे. झ्लामल यांनी १९६८ मध्ये किमान कोनाची अट मांडली आणि ती पाठ्यपुस्तकांत रुजली. पण बाबुश्का आणि अझीझ यांनी १९७६ मध्ये दाखवून दिलं की धोका लहान कोनाचा नाही, १८० अंशांकडे सरकणाऱ्या मोठ्या कोनाचा आहे. हे हाताने करून बघा, पाच मिनिटं लागतात. फल (फंक्शन) घ्या क्ष². पहिला त्रिकोण (०,०), (१,०), (०, ०.०१). शिरोबिंदूंवर किमती ०, १, ०. रेषीय फलाचा उभा उतार शून्य, खराही शून्य. त्रिकोण शंभरपट ताणलेला आहे, तरी काही बिघडलं नाही. आता दुसरा त्रिकोण (०,०), (१,०), (०.५, ०.०१). किमती ०, १, ०.२५. पायाच्या मध्यावर रेषीय फल ०.५ म्हणतं आणि त्याच्या अगदी डोक्यावर, ०.०१ वर, ०.२५ म्हणतं. उभा उतार उणे २५, खरा उतार शून्य. उंची ०.००१ केली तर उणे २५०. दोन्ही त्रिकोणांचं क्षेत्रफळ तेच, लांबी-उंचीचं गुणोत्तर तेच. फरक फक्त सर्वांत मोठ्या कोनाचा: एकात ९० अंश, दुसऱ्यात १७७ च्या वर.

म्हणून जाळीचा अहवाल बघताना आस्पेक्ट रेशोच्या रकान्याआधी सर्वांत मोठ्या कोनाचा रकाना बघा. १५० अंशांच्या वरची एलिमेंट किती आणि कुठे आहेत? दूरच्या संथ भागात पाच-पन्नास असली तर सोडून द्या. डाईकच्या खांद्याशी एक असलं तरी दुरुस्त करा. तुमच्या जाळीत ती तिथेच असण्याची शक्यता जास्त. आडव्या थरांची चपटी एलिमेंट ७५ अंशांच्या तिरक्या रेषेला जिथे भिडतात, तिथे जाळी बनवणारा प्रोग्राम काहीतरी करून फट भरतो.

दुसरं, गुणोत्तर मोजायचं ते नकाशावरच्या मीटरमध्ये नाही, पाण्याच्या मीटरमध्ये. मुरमात आडवी पारगम्यता उभीच्या १० पट धरली असेल तर आडवं अंतर √१० ने, म्हणजे ३.१६ ने भागा. २० मीटर लांब एलिमेंट पाण्याच्या दृष्टीने ६.३ मीटरचं होतं, आणि ८० चा रेशो २५ वर येतो. पारगम्यतेचं गुणोत्तर १०० असेल तर तो ८ च उरतो. उलटही होतं. नकाशावर देखणे समभुज दिसणारे त्रिकोण या बदललेल्या मापात चेपून विशालकोनी होऊ शकतात. मग मॅट्रिक्समध्ये नको त्या जागी धन संख्या येतात आणि एखाद्या नोडवरचं हेड हद्दीवरच्या कमाल हेडपेक्षाही वर जातं. मध्ये विहीर नाही, पुनर्भरण नाही, तरी हेड टोकांच्या मर्यादेबाहेर गेलेलं दिसलं तर कारण बहुधा हेच असतं.

मग ताण चांगला कधी? खापरावरचा मांडा हातावर ताणतात तेव्हा तो कागदासारखा होतो तरी फाटत नाही. एका बाजूला ओढ बसली की भोक पडतं. जाळीचं तसंच. शिरपूर तालुक्यात नाले रुंद-खोल करून पाणी जिरवण्याची कामं झाली. तिथल्या गाळात पाणी अडवणारे पिवळ्या मातीचे थर आहेत, आणि खोलीकरणाचा उद्देशच ते थर कापण्याचा. नाल्यापासून लांबच्या भागात अशा थरातून पाणी उभं उतरतं, आडवा बदल शेकडो मीटरांत होतो. तिथे ५० मीटर × अर्धा मीटरचं एलिमेंट हवं तेच आहे. त्याच जागी चौरस एलिमेंट घालणं म्हणजे शंभरपट एलिमेंट खर्चून तेवढंच अचूक उत्तर विकत घेणं.

तुमच्या छेदात डाईकपासून दोनशे-तीनशे मीटर लांब हीच स्थिती आहे. डाईकच्या आतही फार काही घडत नाही. हेड एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे जवळजवळ सरळ रेषेत उतरतं आणि दोन-तीन रेषीय एलिमेंट ते नीट पकडतात. घडतं ते डाईकच्या दोन्ही खांद्यांशी. लांबून आडवं आलेलं पाणी भिंतीला अडतं, वर चढतं, माथ्यावरच्या ८ मीटर मुरमातून पलीकडे उतरतं. तिथे आडव्या दिशेत दोन-चार मीटरांत सगळं पालटतं आणि तुम्ही तिथेच २० मीटरचं एलिमेंट ठेवलंय. उभ्या दिशेत पाव मीटरची बारकाई आहे, आडव्या दिशेत डोळेच नाहीत. गुणोत्तर ८० आहे हा दोष नव्हे, त्या जागी ते चुकीच्या दिशेला आहे.

झिएन्कीविच–झू अंदाजकाला हे का दिसलं नाही? तो प्रत्येक नोडभोवतीच्या एलिमेंटमधले उतार घेऊन एक गुळगुळीत उतार बनवतो, आणि एलिमेंटमधला कच्चा उतार त्यापासून किती दूर आहे ते मोजतो. १९८७ ची कल्पना, साधी आणि बहुतेक ठिकाणी आश्चर्य वाटावं इतकी चांगली. पण गुळगुळीत उतार खऱ्याच्या जास्त जवळ असतो, या गृहीतकावर सगळा डोलारा उभा आहे. ते साधारण सारख्या आकाराच्या, एकमेकांना समांतर एलिमेंटच्या पुंजक्यात खरं ठरतं. खांद्याशी तुमचा पुंजका ४० मीटर लांब आणि अर्धा मीटर उंच. त्यातली सगळीच एलिमेंट आडव्या बदलाबाबत सारखीच आंधळी, म्हणून त्यांचे उतार एकमेकांशी जुळतात, सरासरीही जुळते, आणि अंदाजक म्हणतो सगळं आलबेल आहे. पाच साक्षीदारांनी एकाच भिंतीमागून बघितलं तर जबान्या जुळणारच.

उलट डाईकच्या कडेवर तो नको तिथे ओरडतो. मुरूम आणि डाईक यांच्या सीमेवर हेडचा लंब उतार खरोखरच उडी मारतो, पारगम्यता हजारपट बदलते म्हणून. सीमेवरच्या नोडला दोन्ही बाजूंची सरासरी काढली की ती खरी उडी त्रुटी म्हणून मोजली जाते. तुमच्या १२ टक्क्यांतला मोठा भाग या खोट्या त्रुटीचा असणार. यावर उपाय सोपा आहे: सरासरी प्रत्येक खडकाच्या आत वेगळी काढा. सीमेवरच्या नोडला दोन किमती राहू द्या. बहुतेक प्रोग्राममध्ये मटेरियल क्रमांकानुसार पुंजका तोडायची सोय असते. नसेल तर डाईक आणि बाकीचा भाग वेगळे काढून दोनदा चालवा. एवढं केलं की आकडा आणखी खाली येईल आणि आणखी चुकीचा दिसेल. घाबरू नका, खोटा भाग गेला एवढाच त्याचा अर्थ.

अवशेषावर, म्हणजे काढलेलं उत्तर समीकरणात घातल्यावर उरणाऱ्या तफावतीवर, चालणारा अंदाजक घेतला तर? पाठ्यपुस्तकातलं सूत्र प्रत्येक कडेवरच्या प्रवाहाच्या उडीला कडेच्या लांबीचं वजन देतं. २० मीटरच्या लांब कडेला वजन २०, पाव मीटरच्या कडेला ०.२५. ताणलेल्या जाळीवर हे भलतंच फुगतं. कुनेर्ट यांनी सुधारलेल्या रूपात वजन असतं एलिमेंटच्या किमान जाडीचा वर्ग भागिले त्या कडेवरची उंची. लांब कडेवर उंची ०.२५, म्हणून वजन ०.२५. आखूड कडेवर उंची सुमारे २०, म्हणून वजन ०.००३. दोन्ही ठिकाणी पाठ्यपुस्तकापेक्षा ८० पट कमी. वर्गमूळ घेतल्यावर अंदाज सुमारे ९ पट उतरतो. पण यालाही एक अट चिकटलेली आहे: जाळीचा ताण उत्तराच्या ताणाशी जुळलेला हवा. जुळलेला असेल तर सूत्रातला जुळणीचा गुणक १ च्या आसपास राहतो. नसेल तर तो ताणाच्या गुणोत्तराइतका चढू शकतो, आणि तो गुणक काढायला खरं उत्तर लागतं. म्हणजे खांद्याशी हा अंदाजकही कमीच सांगणार. एकूण हिशेब असा की जुनं वजन घेतलं तर अवाच्या सवा, नवं घेतलं तर जुळणीच्या भरवशावर.

मग जुळणीच तपासा. फोर्माज्जा आणि पेरोत्तो यांनी २००१ च्या सुमारास मांडलेली रीत यासाठी बरी पडते, आणि पूर्ण सूत्र न वापरताही तिचा गाभा वापरता येतो. प्रत्येक एलिमेंटचा लांब अक्ष आणि आखूड अक्ष काढा. गुळगुळीत उतार वजा कच्चा उतार हा फरक त्या दोन दिशांत वेगळा करा. लांबी गुणिले लांब दिशेतला फरक, आणि उंची गुणिले आखूड दिशेतला फरक, या दोन संख्या जवळजवळ सारख्या हव्यात. समजा खांद्याशी लांब दिशेत फरक ०.०१ आणि आखूड दिशेत ०.०५ आला. २० × ०.०१ = ०.२, आणि ०.२५ × ०.०५ = ०.०१२५. सोळापट. आखूड दिशेतला फरक पाचपट मोठा दिसतो म्हणून नवशिका माणूस थर आणखी पातळ करायला धावतो. खरं दुखणं लांब दिशेत आहे. तेवढंच क्षेत्रफळ ठेवून एलिमेंट ५ मीटर × १ मीटरचं केलं तर दोन्ही संख्या ०.०५ वर येतात. एका दमात मात्र करू नका, कारण जाळी बदलली की उतारही बदलतात. तीन-चार फेऱ्यांत जमतं. आणि माथ्याच्या कोपऱ्यांपाशी गुणोत्तर १ कडे येऊ द्या, तिथे दोन्ही दिशा सारख्याच तापलेल्या असतात.

फ्रीफेम या फायनाइट एलिमेंटच्या प्रोग्राममधला ॲडाप्टमेश (जाळी बदलणारा आदेश) हेच काम आपोआप करतो असं वाटतं, पण तो हेडच्या वक्रतेवरून रेषीय फलाची जुळवाजुळव बघतो, तुमच्या समीकरणाची त्रुटी बघत नाही. डाईकच्या कडेवर वक्रता अनंताकडे जाते, त्यामुळे तो सगळी एलिमेंट तिथेच ओततो. किमान आकाराची मर्यादा घाला, ॲनिसोमॅक्स (ताणाची कमाल मर्यादा) ५० च्या आत ठेवा, आणि डाईकची कड जाळीत पक्की रेषा म्हणून द्या.

एवढं सगळं सांगूनही, तुमच्या प्रश्नासाठी मी यातला एकही अंदाजक अंतिम मानणार नाही. द्विमितीय छेद, आत स्रोत नाही, स्थिर प्रवाह: अशा ठिकाणी याहून पक्की सोय आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. हेडऐवजी प्रवाहफल (ज्याच्या समान किमतींच्या रेषा म्हणजे पाण्याच्या वाटा, ते फल) सोडवा. त्याच जाळीवर, त्याच प्रोग्रामने. खालच्या बंद हद्दीवर किंमत ०, वरच्या बंद हद्दीवर १. दोन्ही टोकांना, जिथे हेड ठरलेलं होतं तिथे, काहीच अट लादू नका. पारगम्यतेच्या जागी तिचा व्यस्त घाला, आणि दिशा अदलाबदल करून घाला: आडव्या दिशेच्या गुणकात १ भागिले उभी पारगम्यता, उभ्या दिशेच्या गुणकात १ भागिले आडवी. इथेच बहुतेकांची गल्लत होते. उत्तराची ऊर्जा म्हणजे पूर्ण छेदाचा रोध. २० मीटर हेडफरक भागिले तो रोध, हा झाला पाझर. हेडवाला पाझर खऱ्यापेक्षा जास्त येतो तसा हा खऱ्यापेक्षा कमी येतो. नेहमी. जाळी ताणलेली असो, तिरकी असो, कोन १७९ अंशांचा असो. अट एवढीच की अंकगणित नीट झालेलं हवं. प्रागर आणि सिंग यांनी १९४७ मध्ये दाखवलेली ही भूमिती आहे आणि तिच्यात एकही अज्ञात स्थिरांक नाही. वाईट जाळीवर दोन आकडे एकमेकांपासून लांब पडतात, एवढीच शिक्षा.

समजा तुमच्या सर्वांत बारीक जाळीवर हेडकडून ०.४५६ आणि प्रवाहफलाकडून ०.४४३ आला. खरा पाझर यांच्या मधेच आहे. मधला आकडा ०.४४९५, दोन्ही बाजूंना ०.००६५, म्हणजे दीड टक्क्याच्या आत. अहवालात हे थेट लिहिता येतं. शिवाय एलिमेंटवार नकाशाही मिळतो: हेडवरून काढलेला प्रवाह आणि प्रवाहफलाला मधल्या पाझराने गुणून काढलेला प्रवाह यांतला फरक प्रत्येक एलिमेंटमध्ये, वर्ग करून, पारगम्यतेने भागून मांडा. खांदे लालभडक दिसतील आणि डाईकची कड शांत. झिएन्कीविच–झूच्या नकाशाच्या बरोबर उलट चित्र. पुनर्भरण किंवा विहीर छेदात आली की ही सोपी वाट बंद होते. मग एलिमेंटवार तोल साधलेला प्रवाह बांधावा लागतो, ते काम मोठं आहे.

तीन जाळ्यांवरून त्रुटी काढायची रिचर्डसनची रीतही करा, पण दोन ठिकाणी सांभाळून. तुमचे पहिले दोन आकडे ०.५७० आणि ०.४९०. पुढचे दोन समजा ०.४६६ आणि ०.४५६ आले. फरक ०.०८०, ०.०२४, ०.०१०. पहिल्या तिघांवरून क्रम (जाळी दुप्पट बारीक केली की त्रुटी २ च्या कितव्या घाताने घटते तो आकडा) १.७४ येतो, शेवटच्या तिघांवरून १.२६. रेषीय एलिमेंटचा पाठ्यपुस्तकी क्रम २ आहे म्हणून १.७४ जास्त बरा वाटतो. पण माथ्याच्या धारदार कोपऱ्याभोवती पाण्याला २८५ अंश मोकळे आहेत. भिंत जवळजवळ अपारगम्य धरली तर तिथे हेड अंतराच्या १८०/२८५, म्हणजे ०.६३ व्या घातासारखं वागतं, आणि सरसकट बारीक करत गेल्यास पाझराचा क्रम त्याच्या दुप्पट, १.२६. म्हणजे शेवटच्या तीन जाळ्या रुळावर आहेत आणि पहिली नाही. पुढे काढलेली किंमत ०.४५६ − ०.०१०/१.४ = ०.४४९. रोश यांच्या १.२५ च्या सुरक्षा-गुणकाने अनिश्चितता सुमारे २%. या किमतीशी ताडलं तर तुमच्या मूळ जाळीचा पाझर २७% जास्त होता. ऊर्जा-नॉर्ममध्ये, काढलेल्या उत्तराच्या मानाने, ४६%. अंदाजकाने १२ म्हटलं होतं.

सांभाळायचं ठिकाण दुसरं: रचनाबद्ध जाळीत एलिमेंट १.२ च्या पटीने वाढत नेली असतील तर दुप्पट बारीक जाळीत ती पट √१.२, म्हणजे १.०९५ हवी. पट १.२ च ठेवून फक्त पहिलं एलिमेंट निम्मं केलं तर ती त्याच कुळातली जाळी राहत नाही आणि काढलेला क्रम काहीही येतो. उभी बारकाई दुप्पट, आडवी तशीच, हाही तसलाच प्रकार.

हे सगळं फायनाइट एलिमेंटचं झालं. हाच छेद कोणी फायनाइट व्हॉल्यूमने (छेदाच्या पेशी करून प्रत्येक पेशीतल्या पाण्याचा ताळा मांडणाऱ्या पद्धतीने), शेजारच्या दोन पेशींच्या हेडवरूनच प्रवाह काढणाऱ्या साध्या सूत्राने केला, तर तिरकेपणा वेगळ्या रीतीने चावतो, आणि जास्त वाईट. एक आडवा थर घ्या, खाली-वर ठरलेलं हेड, पाणी सरळ उभं जातंय. पेशी समांतरभुज, बाजू आडव्याशी ६० अंशांत. दोन-बिंदू सूत्र जो प्रवाह देतं तो खऱ्याच्या (साइन ६०°)² पट, म्हणजे बरोबर ७५%. पेशी निम्म्या करा, ७५%. आणखी निम्म्या करा, ७५%. तिन्ही जाळ्यांचा फरक शून्य, रिचर्डसन म्हणणार त्रुटी शून्य, वस्तुमानाचा ताळाही अगदी बरोबर, आणि उत्तर पाव हिश्शाने चूक. ४५ अंशांना ते निम्म्यावर येतं. तुमच्या ७५ अंशांना ९३.३%, म्हणजे पावणेसात टक्के कमी, आणि ते कधीच भरून निघत नाहीत. अशा सूत्रावर जाळी बारीक करून बघण्याला अर्थ नाही. मॉडफ्लो ६ या भूजलाच्या प्रोग्राममध्ये एक्सटी३डी ही तिरक्या पेशींसाठीची सोय चालू करा. ओपनफोम या प्रवाहाच्या प्रोग्राममध्ये चेकमेश ही जाळीची तपासणी ७० अंशांच्या वरच्या तिरकेपणाला (नॉन-ऑर्थोगोनॅलिटी) इशारा देते, पण इशारा आला नाही म्हणून दुरुस्तीच्या फेऱ्या शून्य ठेवू नका. किंवा पेशी सरळ ठेवा आणि डाईकला जाडी न देता अडसर म्हणून घाला: पारगम्यता ०.००५ मीटर दर दिवशी आणि जाडी ६ मीटर असेल तर गुणक ०.०००८३. डाईकच्या आतलं उभं वहन यात गमावतं. तुमच्या छेदात ते नगण्य आहे, पण भेगाळलेली, पाणी वाहून नेणारी डाईक असेल तर हे चालणार नाही. नंदुरबार-धुळे पट्ट्यात दोन्ही जातींच्या सापडतात.

सॉल्व्हरबद्दल (समीकरणं सोडवणाऱ्या भागाबद्दल) थोडंच. आस्पेक्ट रेशो ८० म्हणजे मॅट्रिक्समधल्या उभ्या आणि आडव्या गुणकांत ६४०० पट फरक. त्यावर हजारपट पारगम्यतेची उडी. अवशेष दशलक्षांशावर आला म्हणून उत्तर तितकं अचूक झालं असं इथे समजू नका. सहनसीमा शंभरपट कडक करून पुन्हा चालवा. पाझराचा चौथा अंक हलला तर आधी ते मिटवा, नाहीतर पाझराच्या वरच्या-खालच्या मर्यादांचाही उपयोग नाही. द्विमितीय छेदाला तर थेट सॉल्व्हर लावा, लाखभर नोड साध्या लॅपटॉपवर आरामात सुटतात.

किती टक्क्यांवर थांबायचं, हे विचारलेलं नाही तरी सांगतो. पंपिंग टेस्टमधून आलेली पारगम्यता दुप्पट-निम्मी चुकलेली असू शकते, तेव्हा पाझरात २% जाळीची त्रुटी पुरे झाली. अर्ध्या टक्क्यासाठी रात्री घालवू नका. मात्र हे गणित पारगम्यता जुळवायला बसण्याआधी उरका. २७% जास्त वाहणाऱ्या जाळीवर विहिरींच्या पातळ्या जुळवायला बसलात तर प्रोग्राम ती सगळी चूक डाईकच्या पारगम्यतेत मुरवून टाकेल. पातळ्या छान जुळतील, डाईक प्रत्यक्षापेक्षा घट्ट ठरेल, आणि पुढे कोणी तीच पारगम्यता बारीक जाळीवर घेतली की खालच्या अंगाच्या विहिरी कागदावर कोरड्या पडतील.